जीटीएक्स १०६० आणि लिनक्स: कऱ्हाडच्या मशीनच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

दिवाळी झाली आणि दादा भाच्याचा सीपीयू गाडीत घालून पुण्याला घेऊन आला. मागच्या सीटवर, पट्टा लावून. आता तो माझ्या टेबलाखाली आहे.

मशीन असं: रायझन ५ १६००, १६ जीबी डीडीआर४ रॅम, एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६० (सहा जीबीवालं), २४० जीबीची साटा एसएसडी, एक टीबीची हार्डडिस्क. बोर्ड बी३५० चा, एमडॉटटूची (छोट्या एसएसडीची) जागा रिकामी. मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झ, तो कऱ्हाडलाच आहे.

अडचण सगळ्यांना माहीत असलेलीच. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ च्या प्रोसेसर यादीत पहिल्या पिढीचा रायझन नाही. रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं तपासणी चुकवून ११ टाकता येतं, पण असं मशीन मायक्रोसॉफ्टच्या हिशेबात कायम बाहेरचंच राहतं आणि पुढच्या मोठ्या अपडेटला काय होईल याचा नेम नाही. नवा बोर्ड, प्रोसेसर, रॅम घ्यायची म्हटलं तर रॅमचे भाव सध्या असे चढलेत की दादानं तो विषयच काढू नकोस म्हणून सांगितलं.

म्हणजे लिनक्स. त्याचे बरेच प्रकार असतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. त्यातला कोणता, ते ठरवायला या नोंदी.

गरजा, ज्याच्या त्याच्या शब्दांत:
भाचा (अकरावी): "आत्या, फ्रेम्स कमी नको व्हायला. आणि व्हॅलोरंट चाललंच पाहिजे."
वहिनी: बचत गटाचे हिशेब, मराठी टायपिंग, प्रिंटर.
दादा: "तुला सारखा फोन करायला लागू नये एवढं बघ."

यातली तिसरी गरज सगळ्यात अवघड आहे, आणि 'गेमिंगसाठी सर्वोत्तम लिनक्स' असली जी काही तुलना मी वाचते तिच्यात ती कुठेच नसते.

८ नोव्हेंबर, शनिवार

भाच्यानं गेमची यादी पाठवली, वहीच्या पानाचा फोटो काढून. प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) कोणत्या गेमला जमतं ते सांगणाऱ्या प्रोटॉनडीबी साइटवर एकेक नाव घालून बघितलं.

काउंटर-स्ट्राइक २ ची लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्तीच आहे. विचर ३, रेड डेड रिडेम्प्शन २, एल्डन रिंग प्रोटॉनवर चालतात. सिल्कसाँग लिनक्सवर मुळातच आहे. 'राजी' यादीत बघून बरं वाटलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनी २०२० मध्ये काढलेला गेम, तोही प्रोटॉनवर. जीटीए ५ ची गोष्ट चालते, ऑनलाइन नाही: सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात बॅटलआय (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारा प्रोग्रॅम) आलं आणि लिनक्सचं दार बंद झालं.

आणि व्हॅलोरंट. तिथे कुठल्याही डिस्ट्रोचा इलाज नाही.

भाच्याला हे नीट समजावं म्हणून फोनवर बराच वेळ बोलले. प्रोटॉन म्हणजे विंडोजची नक्कल करणारं दुसरं कॉम्प्युटर नव्हे. गेम विंडोजकडे ज्या गोष्टी मागतो त्या मागण्या तो लिनक्सच्या भाषेत फिरवतो, आणि डायरेक्टएक्सचं (विंडोजवर गेमचं चित्र काढण्याच्या पद्धतीचं) काम व्हल्कनकडे (लिनक्सवरही चालणाऱ्या तशाच पद्धतीकडे) सोपवतो. पण व्हॅलोरंटचा फसवणूक पकडणारा व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यात), मशीन सुरू होतानाच ड्रायव्हर म्हणून जाऊन बसतो. लिनक्सवर विंडोजचं कर्नलच नाही, तर तो बसणार कुठे? व्हर्च्युअल मशीनही त्याला चालत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांची गोष्ट निराळी, २०२१ पासून दोघंही प्रोटॉनला साथ देऊ शकतात. पण परवानगी गेमच्या कंपनीनं द्यायची असते. एल्डन रिंगनं दिली. एपेक्स लेजंड्सनं दिलेली, तीही ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी काढून घेतली.

"म्हणजे आज चालतंय ते उद्या बंद होऊ शकतं?"
"ऑनलाइन गेमचं, हो."
बराच वेळ गप्प. मग, "मग विंडोज ठेवूच ना एका कोपऱ्यात."

ठेवू. विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, नोंदणी केली की झालं. तोवर जुन्या एसएसडीवर विंडोज फक्त व्हॅलोरंटपुरतं. बँकेचं, मेलचं काही तिथे करायचं नाही, असं दादाला बजावून सांगायचंय.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ऑक्टोबरच्या सर्वेक्षणात लिनक्सचा वाटा ३.०५ टक्के आलाय, पहिल्यांदाच तीनच्या वर. कंपन्यांनी दखल घ्यावी इतका हा आकडा अजून नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल स्टीमच्या मालक व्हॉल्व्हनं स्टीम मशीन (त्यांचा स्वतःचा गेमिंग कॉम्प्युटर) जाहीर केलं आणि रात्री अकरा वाजता भाच्याचा मेसेज: "स्टीमओएसच टाकूया ना डायरेक्ट!!"

नाही. स्टीमओएस हे लिनक्सच, पण व्हॉल्व्हनं स्वतःच्या यंत्रांसाठी आणि एएमडीच्या चिपवर चालणाऱ्या हातातल्या कन्सोलसाठी बेतलंय. एनव्हीडियाच्या कार्डाची सोय त्यात नाही. आपल्याकडे १०६० आहे. विषय संपला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मुख्य काम: उमेदवार ठरवणं. करता करता लक्षात आलं की या मशीनवर डिस्ट्रो आपण निवडायचाच नाहीये, तो कार्डच निवडतंय.

एएमडीचं कार्ड असतं तर गोष्ट सरळ होती. त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि व्हल्कनचं काम मेसा नावाचा खुला संच करतो. कर्नल आणि मेसा जितकं ताजं तितका फायदा, म्हणून फेडोरा किंवा आर्चच्या जातीचे डिस्ट्रो गेमिंगसाठी पुढे. ही सगळी शहाणीव खरी आहे, पण एएमडीसाठी.

एनव्हीडियाचं उलटं. ड्रायव्हर कंपनीचा, बंद डब्यात येतो. मेसा कितीही ताजं असो, १०६० ला त्याचं काही नाही. २०२२ मध्ये एनव्हीडियानं कर्नलकडचा भाग खुला केला खरा, पण तो ट्युरिंग पिढीच्या आणि पुढच्या कार्डांवरच चालतो, कारण त्याला कार्डावरचा जीएसपी नावाचा छोटा प्रोसेसर लागतो. पास्कल पिढीत, म्हणजे सगळ्या १० मालिकेत, तो नाही. त्यावर कंपनीनंच सांगून टाकलंय की मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या जुन्या पिढ्यांना चालणारी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा. पुढच्या ड्रायव्हरमध्ये ही कार्डं नाहीत.

१०६० २०१६ सालचं, नऊ वर्षं झाली. तक्रार करण्यासारखं नाही. पण आपल्याकडे १०५० टीआय आणि १०६० इतक्या घरांत आहेत की हा प्रश्न एकट्या कऱ्हाडचा नाही.

आता याचा अर्थ बघा. ड्रायव्हर ५८० वर थांबणार आणि कर्नल दर दोन-तीन महिन्यांनी पुढे जाणार. थांबलेला ड्रायव्हर आणि धावणारं कर्नल यांची गाठ दर वेळी कुणीतरी मारून द्यावी लागते. ज्या डिस्ट्रोत कर्नल जास्त धावतं तिथे ती गाठ सुटायची शक्यता जास्त. 'सगळ्यात ताजं' हा एरवीचा गुण इथे धोक्यात जमा होतो.

तरी वापरून बघितल्याशिवाय ठरवणार नाही. बाहेरच्या एसएसडीवर आळीपाळीनं टाकते: बॅझाइट, कॅशीओएस, मिंट. नोबारा चांगला आहे, पण मुख्यत्वे एका माणसाच्या खांद्यावर उभा आहे. उबंटू सोडला: तिथलं स्टीमचं स्नॅप पॅकेज वापरू नका असं व्हॉल्व्हच्याच माणसानं म्हटलेलं, आणि भाचा स्टोअरमध्ये जाऊन नेमकं तेच बसवणार. डेबियन १३ चा मोह झाला, आवरला. गरुडा भारतीय मुळांचा म्हणून भाच्याच्या यादीत होता. त्याचे निऑन रंग बघून वहिनी हिशेब करणार नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

बॅझाइट. डाउनलोड करतानाच विचारतात: कार्ड कोणतं, डेस्कटॉप कोणता. एनव्हीडियामध्ये जुन्या ९-१० मालिकेसाठी वेगळी प्रतिमा (अख्ख्या सिस्टिमची तयार फाइल), नव्यांसाठी वेगळी. जुनी घेतली, केडीई डेस्कटॉपसह. सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी बोर्डाची सोय) चालू ठेवलेलं, त्यामुळे पहिल्या रीस्टार्टला निळी पाटी आली: सहीची किल्ली (की) नोंदवा. पासवर्ड 'युनिव्हर्सलब्लू', त्यांनीच ठरवून दिलेला. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं की ड्रायव्हर चढत नाही आणि लोक डिस्ट्रोला शिव्या घालत बसतात.

पाया फेडोराचा, पण घडण अॅटॉमिक. चालू सिस्टिमला अपडेट हातच लावत नाही. नवी प्रतिमा बाजूला तयार होते, पुढच्या वेळी मशीन तिच्यावर सुरू होतं, आणि जुनी बूट मेन्यूत तशीच राहते. स्टीम आधीपासून बसवलेलं. हे प्रकरण मला मनापासून आवडलं, सांगून टाकते.

कऱ्हाडच्या विजेचा विचार करून एक प्रयोग केला: अपडेट निम्म्यावर असताना मागची वायर काढली. परत लावली. जुनी सिस्टिम जशीच्या तशी उघडली, जणू काही झालंच नाही. दादाच्या गरजेला पैकीच्या पैकी मार्क.

मार्क कापले ते दोन ठिकाणी. एक, फेडोरा दर सहा महिन्यांनी नवा येतो आणि बॅझाइट त्याच्यामागून जातं, म्हणजे जुन्या कार्डाची प्रतिमा किती काळ जिवंत राहील हे ती सांभाळणाऱ्यांच्या हौसेवर. या जूनमध्ये फेडोरात ३२ बिट पॅकेजेस काढून टाकायचा प्रस्ताव आला तेव्हा बॅझाइटच्या संस्थापकानं उघड सांगितलं होतं की असं झालं तर आम्ही दुकान बंद करू. प्रस्ताव मागे घेतला गेला. स्टीमला ३२ बिट लागतंच, त्यामुळे तो प्रश्न आज ना उद्या परत येणार. दोन, नेहमीच्या पद्धतीनं काही बसवायला गेलं की वाट वेगळी: फ्लॅटपॅक (स्वतंत्र डब्यातला प्रोग्रॅम), नाहीतर प्रतिमेवर थर चढवा. भाच्याला ते जमेल. वहिनींच्या प्रिंटरचा काही विचित्र ड्रायव्हर निघाला तर मला फोनवरून जमणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

कॅशीओएस. भाच्याचा लाडका उमेदवार, यूट्यूबवरचे सगळे आलेख याच्या बाजूनं. आर्चवर बेतलेलं, पॅकेजेस नव्या प्रोसेसरसाठी पातळ्यांप्रमाणे पुन्हा बांधलेली. रायझन १६०० वर तिसऱ्या पातळीची चालतात, चौथीला प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-५१२ नावाची सोय लागते, ती इथे नाही. बसवणं सोपं, ड्रायव्हर त्यानं स्वतःच ओळखला, डेस्कटॉप झटझट हलतो.

पण गेमच्या फ्रेम्स? मँगोहड (फ्रेम्स मोजून पडद्यावर दाखवणारं साधन) लावून विचर ३ मध्ये नोव्हिग्राडच्या बाजारात त्याच जागी, त्याच सेव्हवरून, त्याच सेटिंगला चालत गेले. बॅझाइटशी फरक दोन-तीन फ्रेम्सचा, आणि पुन्हा केलं की तोही उलटा. असंच व्हायला हवं. गेमची विंडोज फाइल कंपनीनं बांधलेली, ती कॅशीनं पुन्हा बांधलेली नाही. प्रोटॉन स्टीम आणतं, सगळीकडे तेच. ड्रायव्हर एनव्हीडियाचा, सगळीकडे ५८०. मग वेग वाढणार कुठून?

खरा फरक दुसरीकडे दिसला. विचर ३ मध्ये डायरेक्टएक्स ११ आणि १२ असे दोन पर्याय आहेत. ११ वर डीएक्सव्हीके (प्रोटॉनमधला दुभाषा) काम करतं आणि १०६० आनंदात असतं. १२ वर व्हीकेडी३डी-प्रोटॉन हा दुसरा दुभाषा येतो आणि तेच कार्ड धापा टाकतं, विंडोजवर टाकतं त्याहून जास्त. म्हणजे भाच्याला फ्रेम्स हव्या असतील तर त्या डिस्ट्रोत नाहीत, गेमच्या मेन्यूतल्या त्या एका ओळीत आहेत. त्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं: "ओके पण कॅशी दिसतं भारी."

दिसतं. मान्य.

७ डिसेंबर, रविवार

मिंट २२.२, सिनॅमन. याचं नाव काढलं की गेमिंगवाले नाक मुरडतात: जुनं कर्नल, जुनं मेसा, वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) अर्धवट. यातलं मेसा आपल्याला लागत नाही. वेलँडही नाही, कारण मॉनिटर एकच, एचडीआर नाही, ७५ हर्ट्झ. एक्स११ वर, म्हणजे जुन्या पद्धतीवर, पास्कल वर्षानुवर्षं घोटलेलं आहे. उरलं जुनं कर्नल, आणि तेच तर हवंय.

ड्रायव्हर मॅनेजर उघडला. यादीत ५८० आणि ५८०-ओपन अशा दोन ओळी, एकाखाली एक. ओपन नाव बघून कुणालाही वाटेल हाच चांगला. १०६० ला तो चालतच नाही (जीएसपी, १६ तारखेची नोंद). साधा ५८० निवडला, रीस्टार्ट, झालं.

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येही स्टीम दोनदा दिसतं: एक सिस्टिम पॅकेज, एक फ्लॅटपॅक. सिस्टिम पॅकेज घेतलं, म्हणजे दुसऱ्या डिस्कवरच्या लायब्ररीला परवानग्या देत बसायला नको. ३२ बिट लायब्रऱ्या बरोबर आल्या. २०१९ मध्ये उबंटू (मिंटचा पाया) त्या काढायला निघालं होतं, व्हॉल्व्हनं मग आम्ही उबंटूच सोडतो म्हटल्यावर माघार घेतली. ती माघार आज आपल्या कामी येतेय.

बसवण्याआधी काय काय काढलं जाणार आहे ती यादी मात्र वाचली. २०२१ मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूबरनं पॉप ओएसवर स्टीम बसवताना अख्खा डेस्कटॉपच उडवला होता. पॅकेज मॅनेजरनं इशारा देऊन खात्रीचं पूर्ण वाक्य टाइप करून घेतलं होतं तरी. भाच्याला तो व्हिडिओ तोंडपाठ आहे, आणि तरी तो हेच करेल.

अपडेट मॅनेजरच्या कर्नलच्या खिडकीत ६.८ मालिका निवडता येते. २२.२ बरोबर ६.१४ येतं, पण मूळ ६.८ ला उबंटू २४.०४ च्या पायाबरोबर २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळत राहणार. ६.८ आणि ५८०, दोघंही एका जागी थांबलेले. एनटीसिंक (विंडोजच्या गेमना मदत करणारी कर्नलमधली नवी सोय) ६.१४ पासूनचं, ते मिळणार नाही. त्याआधीच्या एफसिंकवर आपले गेम नीट चालतात.

नोव्हिग्राडचा बाजार: तोच आकडा.

१४ डिसेंबर, रविवार

पॉप ओएस २४.०४ तीन दिवसांपूर्वी आलं, नव्या कॉस्मिक डेस्कटॉपसह. रस्टमध्ये नव्यानं लिहिलेला अख्खा डेस्कटॉप, बघायला मजा आली. पहिल्याच आवृत्तीला कऱ्हाडला पाठवणार नाही.

उरलेला वेळ हार्डडिस्कवर गेला. भाच्याची एक टीबी एनटीएफएस (विंडोजच्या मांडणीची) आहे, त्यावर स्टीमची लायब्ररी. "तीच लिनक्समध्ये जोडू, परत डाउनलोड नको" हे त्याचं म्हणणं वरवर बरोबर. जोडली की गेम दिसतात, काही सुरूही होतात, काही न सांगता बंद पडतात. कारण गमतीशीर आहे: प्रत्येक गेमसाठी प्रोटॉन विंडोजसारखी एक फोल्डरांची रचना करतो, आणि तिच्यात 'सी:' आणि 'झेड:' अशा नावाचे दुवे असतात. विंडोजवर फाइलच्या नावात अपूर्णविराम चालत नाही. लिनक्सनं असे दुवे त्या डिस्कवर लिहिले की विंडोज पुढच्या खेपेला डिस्क तपासून 'दुरुस्त' करायला जातं. दोघं एकमेकांचं घर आवरत बसतात.

तेव्हा हार्डडिस्क एक्स्ट४ (लिनक्सच्या मांडणीची) करायची. त्याआधी त्यातले शाळेचे प्रोजेक्ट, फोटो आणि वहिनींच्या फाइली काढून घेतल्या. वहिनींच्या निम्म्या फाइली जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या. लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा चिवडा. मजकूर बदलून घेणारी साधनं आहेत. एकेक करून युनिकोडमध्ये आणतेय. याचा लिनक्सशी काही संबंध नाही, पण उद्या नाव लिनक्सचंच येईल.

२१ डिसेंबर, रविवार

काल आर्चनं जाहीर केलं: एनव्हीडियाचा ५९० ड्रायव्हर आला, मुख्य पॅकेजेस खुल्या मॉड्यूलवर गेली, पास्कल आणि त्याआधीची कार्डं त्यात नाहीत. ज्यांच्याकडे अशी कार्डं आहेत त्यांनी जुनं पॅकेज काढून एयूआरमधून (वापरणाऱ्यांनीच सांभाळलेल्या पॅकेजांच्या साठ्यातून) ५८० ची शाखा घ्यावी. न घेता अपडेट केलं तर डेस्कटॉप येणार नाही.

आर्चची यात काही चूक नाही. ते नेहमी असंच चालतं आणि त्यांनी नीट सूचना दिली. पण ती सूचना अकरावीतला मुलगा शनिवारी रात्री अपडेटचं बटण दाबण्याआधी वाचणार आहे का? कॅशीसारखी आर्चवर बेतलेली मंडळी आपापल्या परीनं सोय करतील, तरी काळ्या पडद्यासमोर बसलेल्या भाच्याला मी पुण्याहून फोनवर कमांड सांगतेय हे चित्र मला नको आहे.

आता बॅझाइट की मिंट. रात्री दोन्ही बाजूंनी विचार केला. एएमडीचं कार्ड असतं तर डोळे झाकून बॅझाइट. वीज जाण्याच्या बाबतीत तोच सरस. पण विजेवर युपीएस हा उपाय आहे, आणि तो दादाला तसाही घ्यायचाच होता. थांबलेल्या ड्रायव्हरवर उपाय एकच: थांबलेला पाया.

मिंट. कर्नल ६.८. टाइमशिफ्टनं सिस्टिमची प्रत रोज एक, दर आठवड्याला एक. भाच्याला कळवलं. त्यानं रडण्याची इमोजी पाठवली आणि मागोमाग विचारलं, "वॉलपेपर बदलता येतो ना?"

२५ डिसेंबर, गुरुवार, कऱ्हाड

नाताळची सुटी. एमडॉटटूच्या जागेत नवी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी बसवली. मिंट टाकण्याआधी विंडोजच्या एसएसडीची साटा केबल काढून ठेवली, म्हणजे बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) चुकूनही तिच्यावर जाऊन बसणार नाही. काम झाल्यावर परत लावली. आता कोणतं हवं ते सुरू होताना एफ११ दाबून निवडायचं. दोन सिस्टिम, दोन डिस्का, एकमेकींच्या अध्यातमध्यात नाहीत.

केबल काढल्याचा एक परिणाम अपेक्षित होता: मिंटला शेजारी विंडोज आहे हे कळलंच नाही. एरवी ते बघून इन्स्टॉलर घड्याळ जुळवून घेतो. विंडोज बोर्डावरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक. लंडनमध्ये हिवाळ्यात कुणाच्या लक्षातही येणार नाही, आपल्याकडे सरळ साडेपाच तासांचा घोळ. विंडोजमध्ये घड्याळ मागे गेलं की लॉगिन आणि सुरक्षित साइट्स अडून बसतात, आणि भाचा म्हणणार व्हॅलोरंटचा सर्व्हर डाउन आहे. मिंटलाच स्थानिक वेळ पाळायला सांगितलं, एक ओळीची कमांड. दोन्हीकडे जाऊन घड्याळ बघितलं. जुळलं.

त्याचा वायरवाला गेमपॅड, स्वस्तातला, मिंटनं ओळखला पण बटणं उलटीपालटी. मधलं बटण पाच सेकंद दाबून धरलं, दिवे बदलले, एक्स-इनपुटमध्ये गेला, सगळं जागेवर.

प्रिंटर नेटवर्कवर आपोआप सापडला. वहिनी म्हणाल्या, "विंडोजमध्ये सीडी शोधायला लागायची." आयबसमध्ये (टायपिंगच्या भाषा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) इन्स्क्रिप्ट आणि उच्चाराप्रमाणे असे दोन्ही मराठी कीबोर्ड घालून दिले, त्यांनी दुसरा धरला आणि गटाच्या मीटिंगची नोटीस टाइप करायला बसल्या. भाचा मागे उभा, कधी उठतेय आई म्हणून.

२६ डिसेंबर, शुक्रवार, कऱ्हाड

सकाळी भाच्याला समोर बसवून मुद्दाम मोडायला लावलं. म्हटलं, ड्रायव्हर काढून टाक. त्यानं टाकला, रीस्टार्टला पडदा दाणेदार, रिझोल्यूशन गेलं. मग टाइमशिफ्ट उघडून कालची प्रत परत आणायला लावली. पहिल्यांदा हात थरथरत होते. दुसऱ्यांदा ग्राफिकल डेस्कटॉपशिवाय, नुसत्या काळ्या टर्मिनलवरून केलं. तिसऱ्यांदा मला सांगायची गरज पडली नाही, मी चहा प्यायला गेले.

त्याच्या वहीत लिहून दिलं: अपडेट्स करायचे, पण कर्नलची मालिका बदलायची नाही. ओपन नावाचा ड्रायव्हर घ्यायचा नाही. कुठल्याही व्हिडिओतली 'सुडो'नं (सिस्टिमचे पूर्ण अधिकार देणाऱ्या शब्दानं) सुरू होणारी ओळ आधी मला पाठवायची.

दादानं विचारलं, "आता किती वर्षं बघायला नको?" २०२९ म्हणाले. त्यानं कॅलेंडरकडे बघून मान हलवली.

११ जानेवारी २०२६, रविवार

फोन आले. सगळे गेमचे, मशीनचा एकही नाही. एल्डन रिंग मध्यम सेटिंगवर खेळतोय; ते डायरेक्टएक्स १२ वरच चालतं, त्यामुळे सावल्या आणि गवत खाली आणायला सांगितलं. रेड डेडमध्ये व्हल्कनचा पर्याय आहे, तो निवडून दिला. 'राजी' संपवला. काउंटर-स्ट्राइकची पहिली मॅच अडखळते, शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होईपर्यंत. स्टीमला ते काम आधी करू दे, 'स्किप' दाबू नकोस, म्हटलं. दाबतोच.

व्हॅलोरंटसाठी विंडोजमध्ये जातो, पण वहिनींच्या सांगण्याप्रमाणे आता रोज नाही. एफ११ दाबायचा कंटाळा येतो म्हणे. हा फायदा माझ्या कुठल्याही गणितात नव्हता.

मध्ये दोनदा वीज गेली. युपीएसनं सांभाळलं.

२५ जानेवारी, रविवार

भाच्याला ओळखीच्या दुकानात वापरलेलं आरएक्स ६६०० (एएमडीचं कार्ड) मिळतंय. घ्यावं का?

घ्यावं, भाव बरा असेल आणि दुकानात चालवून दाखवत असतील तर. २०२१ चं कार्ड, मिंटच्या आत्ताच्या कर्नल-मेसावर आरामात चालतं, आणि ५८० ची अडचणच निघून जाते. मग कर्नल ६.८ वर बांधून ठेवायचं कारण उरत नाही, आणि बॅझाइटचा विषय परत काढायला मी तयार आहे. मिंटवरच राहायचं ठरलं तर क्रम असा: आधी एनव्हीडियाचा ड्रायव्हर काढायचा, मशीन बंद, कार्ड बदलायचं, सुरू. एएमडीसाठी वेगळं काही बसवायचं नाही.

एक अडचण बघायची राहिलीय. १०६० ला सहा पिनांची वीज लागते, ६६०० ला आठ. पॉवर सप्लाय २०१७ चा, त्यातून निघणाऱ्या वायरीला सहा अधिक दोनचा तुकडा आहे की नुसते सहाच, आठवत नाही. भाच्याला म्हटलं, डबा उघड, वायरीच्या टोकाचा आणि पॉवर सप्लायवरच्या स्टिकरचा फोटो पाठव, त्याशिवाय दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नको.